एका गाठीच्या 99 गाठी

पहिला जोरदार पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले की साताऱ्याच्या आणि सांगलीच्या बंगल्यांपुढं एकच चित्र दिसतं. लॉनवर कुणीतरी खुरपं घेऊन उकिडवं बसलेलं असतं. समोर लॉनच्या गवतापेक्षा चार बोटं उंच, चकचकीत पोपटी पात्यांचा लव्हाळा. चिमटीत धरून ओढला की ‘टक्’ आवाज होतो आणि काडी हातात येते. एक गेला म्हणून हात पुढच्याकडे वळतो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच जागी तेवढीच काडी पुन्हा उभी, बहुतेक वेळा शेजारी आणखी एक.

तो ‘टक्’ आवाज काडी गाठीपासून तुटल्याचा. गाठ जमिनीत जागच्या जागी राहते. वरून काळपट, फोडली तर आतून पांढरट, वासाला उग्र. तो वास ओळखीचा वाटेल, कारण दिवाळीच्या पहाटे अंगाला लावायच्या उटण्यात जो नागरमोथा असतो, तो याच गाठींचा. काष्ठौषधीच्या दुकानात त्याला पैसे मोजावे लागतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: लव्हाळा हे गवतच नाही. त्याची काडी दोन बोटांत धरून फिरवा, तीन कडा लागतील. गवताची काडी गोल किंवा चपटी असते. या तीन कडांचं महत्त्व औषधाच्या बाटलीपाशी येऊ तेव्हा कळेल.

आता आकडे. 1968 साली आपल्याच देशात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लव्हाळ्याच्या गाठी एकमेकींपासून लांब लावून मोजणी केली. 90 दिवसांत एका गाठीच्या 99 गाठी झाल्या. हा वेग कागदावर पुढं नेऊन बघा. तीन महिन्यांनी 99. सहा महिन्यांनी 9,801. नऊ महिन्यांनी 9,70,299. आणि वर्ष भरायला पाच दिवस असताना 9,60,59,601, म्हणजे साडेनऊ कोटींच्या वर. कुणाच्याही अंगणात हे होत नाही, कारण जागा संपते, पाणी संपतं, गाठी एकमेकींनाच दाबतात. पण या आकड्यातून एक गोष्ट नीट समजते. लव्हाळ्याला अडवणारी गोष्ट जागा आहे, त्याची ताकद कुठं कमी पडत नाही. तुम्ही उपटून जागा मोकळी केलीत आणि गाठ खाली ठेवलीत, तर तुम्ही त्याला हवं तेच दिलंत.

हा आपल्या उन्हाचा प्रताप म्हणावा, तर अमेरिकेतल्या मिनेसोटाचं उदाहरण आहे. तिथला हिवाळा बर्फाचा. लव्हाळ्याचा सख्खा भाऊ, पिवळा लव्हाळा, तिथं एका गाठीपासून वाढू दिला. एका वर्षात सुमारे 1,900 रोपं आणि 7,000 च्या जवळपास गाठी, तेही सहा-सात फुटांच्या वर्तुळात. 1961 साली हे प्रसिद्ध झालं आणि तणांवर लिहिणारी माणसं अजून तो आकडा सांगतात.

1977 मध्ये लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांचा एक जाडजूड ग्रंथ काढला. पहिला नंबर लव्हाळ्याचा: 92 देश, 52 पिकं. दुसरा नंबर हराळीचा. जगातला पहिला आणि दुसरा नंबर आपल्या गेटच्या आत, एकमेकांशेजारी उभे आहेत, हे वाचून मी बराच वेळ अंगणाकडे बघत बसलो होतो.

हराळी म्हणजे दूर्वा. वाईच्या ढोल्या गणपतीला आणि सांगलीच्या गणपतीला एकवीस-एकवीसच्या जुड्या वाहतो, त्याच. जी वनस्पती कितीही तुडवली, चरली, जाळली तरी पुन्हा फुटते, ती पूजेत यावी यात मला आश्चर्य वाटत नाही. आणि लव्हाळा पुरात वाकून वाचतो हे तुकोबांनी सांगून ठेवलेलं आहे. सांगलीकरांना त्याचा पुरावा पुस्तकात शोधावा लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर कित्येक अंगणांत गाळाचा थर होता, गुलाब-जास्वंद काळे पडून गेले होते. त्या गाळातून सगळ्यांत आधी वर आलेलं हिरवं काय होतं, ते ज्यांनी घर धुऊन काढलं त्यांना विचारा.

मुळात हे दोघं एवढे जोरकस का? ऊन वापरायची त्यांची पद्धत वेगळी आहे. ऊस, ज्वारी, मका आणि ही तणं एकाच पद्धतीनं अन्न तयार करतात. शास्त्रात तिला सी-4 म्हणतात. कडक ऊन आणि थोडकं पाणी असताना बाकीच्या झाडांचा कारखाना मंदावतो, यांचा चालू राहतो. पृथ्वीवरच्या वनस्पतींच्या जातींपैकी जेमतेम 3 टक्के जाती अशा आहेत, पण जगातल्या सर्वांत वाईट 18 तणांत त्यांची संख्या 14. ज्या उन्हावर कृष्णाकाठचा ऊस कांड्यावर येतो, त्याच उन्हावर लव्हाळा येतो. म्हणून आंब्याच्या किंवा फणसाच्या दाट सावलीत तो मलूल दिसतो आणि गेटजवळच्या उघड्या पट्ट्यात माजतो. सावली हे त्याच्यावरचं सगळ्यांत स्वस्त औषध आहे, पण लॉन हवं असणाऱ्याला नेमकी तीच नको असते.

तण बाहेरून आलं, असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते आपणच पैसे देऊन आणलेलं असतं. हजार चौरस फुटांचं लॉन करायचं ठरलं की चार इंच माती टाका असं सांगतात. हिशेब 333 घनफुटांचा, म्हणजे साडेतीन ब्रासच्या आत-बाहेर. ट्रॉली येते, पोयटा पडतो, वर शेणखत. कुठून खणला हे कुणी विचारत नाही. आता चार्ल्स डार्विनचं ऐका. त्यानं एका लहान तळ्याच्या काठाचा, पाण्याखालचा चिखल तीन ठिकाणांहून मिळून तीन मोठे चमचे घेतला. वाळल्यावर वजन पावणेसात औंस, म्हणजे 190 ग्रॅमच्या आसपास. एका कपात मावणारा. सहा महिने अभ्यासिकेत झाकून ठेवला आणि उगवलेलं प्रत्येक रोप उपटून मोजलं. 537 रोपं.

किलोमागे हे 2,800 होतात. एका ब्रासमध्ये साडेतीन हजार किलो माती धरली, तर त्या चिखलाच्या मानानं एका ब्रासमध्ये जवळजवळ 1 कोटी रोपं. नदीकाठचा पोयटा तळ्याच्या चिखलाइतका बियाळ नसेल. दहावा हिस्सा धरा. तरी ब्रासमागे दहा लाखांच्या घरात जाता, आणि तुम्ही साडेतीन ब्रास टाकलेत. यात लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीच्या जमिनीखालच्या काशा धरलेल्याच नाहीत, कारण डार्विन बियांपासून आलेली रोपं मोजत होता.

त्याचाच दुसरा एक प्रयोग मला जास्त आवडतो. तीन फूट बाय दोन फूट जमीन खणून साफ केली आणि उगवणाऱ्या तणाचं प्रत्येक रोप खूण करून मोजलं. 357 उगवली. त्यांतली 295 मेली, मुख्यतः गोगलगायींनी आणि किड्यांनी खाऊन. हा आकडा हजार चौरस फुटांना लावला तर सुमारे साठ हजार रोपं उगवून त्यांतली पन्नास हजारांच्या जवळपास आपोआप जातात. म्हणजे बियांपासून येणाऱ्या तणाच्या विरोधात निसर्ग आपल्या बाजूनं रात्रंदिवस काम करत असतो. गाठींच्या आणि काशांच्या बाबतीत तो तसा उभा राहत नाही, कारण त्यांच्याजवळ शिदोरी असते.

जमिनीखाली गवत किती असतं, याची कल्पना वरून येत नाही. 1937 साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात हॉवर्ड डिटमर यांनी राय या धान्याचं एकच रोप लाकडी पेटीत चार महिने वाढवलं. राय हेही गवतच, गव्हाचं भावंड. पेटीचं तोंड एक चौरस फूट, खोली 22 इंच. मग माती धुऊन मुळं मोजली. मुळांची संख्या 1 कोटी 38 लाख. त्यांची एकूण लांबी 623 किलोमीटर, म्हणजे साताऱ्याहून सांगलीला पाच वेळा जाण्याइतकी. मुळांवरचे केसासारखे तंतू 1,400 कोटींच्या वर आणि त्यांची लांबी 10,600 किलोमीटर. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावून समुद्राला मिळेपर्यंत सुमारे 1,400 किलोमीटर वाहते. तिच्या साडेसात पट लांबीचे तंतू दोन घनफुटांपेक्षा कमी मातीत, एका रोपाचे. रोजची सरासरी काढली तर मुळं पाच किलोमीटर आणि तंतू 88 किलोमीटर. ते रोप पेटीत एकटं होतं, त्याला भागीदार नव्हता, हे खरं. तरीही हे आकडे वाचल्यावर गवताला नाजूक म्हणवत नाही.

हराळीची गोष्ट तिच्या पेरांत आहे. जमिनीवरून धावणारी तिची वेल आणि जमिनीखालच्या काशा दोन्हींना दर काही सेंटिमीटरवर पेर असतं आणि प्रत्येक पेर म्हणजे तयार रोप. मीटरभर काशीचे तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे केले की तीसेक तुकडे, आणि ज्यात पेर आहे तो जगू शकतो. रोटाव्हेटर नेमकं हेच काम करतो. हराळी माजलेल्या प्लॉटवर रोटर मारून घेतला की दोन दिवस माती कशी भुसभुशीत, देखणी दिसते. महिन्याभरात सगळ्या प्लॉटभर हराळी सारखी वाटून लावल्यासारखी उगवते. आमच्याकडचे जुने शेतकरी म्हणूनच हराळीच्या रानात उन्हाळ्यात खोल नांगरट करून ढेकळं तापत ठेवायचे आणि माणसं लावून काशा वेचायचे. तुकडे करायचे नाहीत, सबंध उपसायचं, असा त्यामागचा विचार.

या कामाला लागणारं अवजारही याच मातीशी जोडलेलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लोखंडी नांगर बनवले तेव्हा पहिले 40 नांगर खपायला दोन वर्षं लागली. लोखंडानं जमीन विषारी होते, असा समज होता. 1910 मध्ये औंध संस्थानानं दिलेल्या कुंडल रोडजवळच्या 32 एकर माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. ज्या प्रदेशानं देशाला लोखंडी नांगर दिला, तिथं अंगणातली हराळी नुसत्या नखानं निघेल असं कसं धरून चालावं?

आता मूळ प्रश्न. उपटून लव्हाळा जाईल का? हिशेब सोपा आहे. चौरस फुटाला एक गाठ धरा, म्हणजे हजार चौरस फुटांत हजार गाठी. तुम्ही कष्टानं 95 टक्के, 950 गाठी काढल्या. उरल्या 50. मोकळ्या जागेतल्या त्या वेगानं तीन महिन्यांत त्यांच्या 4,950 होतात, सुरुवातीच्या पाचपट. हजारातल्या 990 काढल्या तर उरलेल्या दहांच्या पुन्हा 990. म्हणजे 99 टक्के यशानंतर तुम्ही आहात तिथंच. भरगच्च लॉनमध्ये हा वेग पुष्कळ कमी असतो, पण दिशा तीच. शिवाय गाठी एका धाग्यात मण्यांसारख्या ओवलेल्या असतात. टोकाची गाठ बाकीच्यांना झोपवून ठेवते. खुरप्यानं धागा तुटला की झोपलेल्या जाग्या होतात. भांगलणीला येणाऱ्या मावशी खुरप्याचं टोक काडीच्या बाजूनं न घालता लांबून, तिरकं, गाठीच्या खालून घालतात आणि माळ न तोडता वर घेतात. ते नुसतं बघून जमत नाही. वर्षानुवर्षांच्या हातांचं ते कौशल्य आहे आणि त्याला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही.

एवढं खणूनही काही गाठी राहतातच. म्हणून माझं ठाम मत: लव्हाळा उपटून संपत नाही, उपाशी ठेवून संपतो. त्याच्या बाजूला गाठींची संख्या आहे, आपल्या बाजूला तारखा. एक पक्व गाठ दहा-बारा वेळा पुन्हा फुटू शकते. प्रत्येक फुटव्याला ती साठवलेलं पीठ खर्च करते आणि पाच-सहा पानं झाल्यावर पानं कमवायला लागून ते पीठ परत भरतात. नवा कोंब वर आल्यापासून चार ते सहा आठवड्यांत नव्या गाठी धरायला लागतात. मग पाचव्या पानाच्या आत, दर दोन-तीन आठवड्यांनी, प्रत्येक कोंब गाठीपर्यंत खोदून काढत राहायचं. 1938 साली अमेरिकेतल्या अलाबामात हे शेतावर करून दाखवलं गेलं: वाढीच्या हंगामात जास्तीत जास्त तीन आठवड्यांच्या अंतरानं नांगरट, सलग दोन वर्षं, आणि लव्हाळा संपला. आपल्याकडे पाणी दिलेलं लॉन बाराही महिने वाढतं, म्हणून दोन वर्षांत साधारण 35 फेऱ्या. मधल्या दोन फेऱ्या लग्नसराईत किंवा गणपतीत चुकल्या की गाठी पुन्हा भरतात आणि मोजणी पहिल्यापासून सुरू.

लॉन अजून लावलेलं नसेल तर काम कितीतरी सोपं. एप्रिल-मेमध्ये माती उघडी करा, गाठी-काशा वर आणा आणि उन्हात पडू द्या. आठ-पंधरा दिवस कडक उन्हात राहिलेली गाठ सुकून मरते. मग पाणी द्या, उरलेल्यांना फुटू द्या, पुन्हा उपसा. हे न करता जूनमध्ये घाईनं लॉनच्या चटया अंथरणं ही सगळ्यांत महागडी चूक आहे. काळा मल्चिंग पेपर टाकला की झालं, असंही कुणी सांगेल. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर तो असतो आणि बहुतेक तण त्याखाली मरतं. लव्हाळ्याचा कोंब मात्र सुईसारखा टोकदार असतो आणि अंधारात तो कागद भोसकून वर येतो. पारदर्शक कागदाखाली त्याला उजेड मिळतो, पान तिथंच उघडतं आणि अडकतं. एवढासा फरक, पण कागद विकत घेण्याआधी ठाऊक असावा.

औषधाचं बोलल्याशिवाय सुटका नाही, कारण उसाच्या पट्ट्यात प्रत्येकाच्या ओळखीचं एक दुकान असतं. 2,4-डी रुंद पानांच्या तणावर चालतं, हराळीवर नाही. ग्लायफोसेट समोर येईल ते सगळं मारतं, लॉनसकट, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं त्याचा वापर प्रशिक्षित कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला. लव्हाळ्यासाठी उसात हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल, 75 टक्के, वापरतात. इथं त्या तीन कडा कामाला येतात: हे औषध लव्हाळ्याला मारतं आणि गवताला सोडतं. त्याचं प्रमाण बघा. एकराला 36 ग्रॅम. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. तुमच्या हजार चौरस फुटांच्या वाट्याला येतो पाऊण ग्रॅमच्या किंचित वर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो नोंदवलाही जाणार नाही. ‘थोडं जास्तच टाकू’ म्हणून चमचाभर टाकणारा माणूस पाच-सहापट विष ओतत असतो, आणि त्याच लॉनवर संध्याकाळी नातवंडं अनवाणी खेळतात. शिवाय आपल्याकडे त्याची शिफारस पिकांसाठी आहे, घरच्या लॉनसाठी नाही. मी ते घरी वापरत नाही आणि वापरा असंही सांगणार नाही.

लॉनमधल्या तिसऱ्या तणाचं, रान नाचणीचं, काम त्या मानानं सरळ आहे. चपट्या, पांढुरक्या बुडख्याचा, जमिनीला चिकटून बसलेला गड्डा. जावळी-पाटणच्या डोंगरात पिकणाऱ्या नाचणीचं हे रानटी भावंड. मोकळं वाढलेलं एक रोप 40,000 पर्यंत बिया टाकतं. तिला गाठी नाहीत, काशा नाहीत, सगळी मदार बियांवर. कणीस दिसण्याआधी ओल्या मातीत मुळासकट काढलं की ती मोजणी शून्यावर येते.

आणि हराळी? तुमचं लॉन भर उन्हात असेल आणि निम्म्यावर हराळी शिरली असेल, तर माझा सल्ला वेगळा आहे. तिला राहू द्या. बाजारात ‘सिलेक्शन वन’ म्हणून जे लॉन विकतात ती निवडलेली हराळीच आहे. जगभरच्या खेळाच्या मैदानांवर तिचेच भाऊबंद असतात. वाढू दिली की रेड्यासारखी धावते, आठवड्याला खाली कापली की दाट बसते. अमेरिकेत लॉनखाली सुमारे 1,63,800 चौरस किलोमीटर जमीन असल्याचा अंदाज 2005 साली उपग्रहांच्या मदतीनं काढला गेला. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मिळून साडेआठ वेळा मावतील एवढी ती जागा. तिथल्या उष्ण भागात हराळी लोक विकत घेऊन लावतात. आपल्याकडे ती आपण होऊन आली आहे आणि पाऊस लांबला तरी जगते.

लव्हाळ्याशी मात्र तडजोड नको. आज पहिली फेरी झाली असेल तर कॅलेंडरवर आजपासून एकविसाव्या दिवशी खूण करा, आणि तिथून पुढं आणखी तेहेतीस.